ही जार कोणी आणली?

पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संगणक विभागप्रमुखांना खुले पत्र

मा. विभागप्रमुख,



एप्रिल-मे जवळ आला की आपल्या विभागांतून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची धांदल सुरू होते. रिपोर्ट बायंडिंगला जातात, गाइडच्या सहीसाठी स्टाफरूमबाहेर रांग लागते, एक्स्टर्नल कोण येणार याच्या अफवा उठतात. त्या ओरलमध्ये विचारायचा एक प्रश्न सुचवावा, एवढ्याचसाठी हे पत्र. मी पुण्यात जावावर काम करते, नव्याने पास झालेल्या मुलामुलींच्या मुलाखती घेते, आणि एखाद्या महाविद्यालयातून प्रोजेक्ट बघायला बोलावणं आलं तर जाते. प्रश्न असा आहे: तुमच्या प्रोजेक्टमध्ये ही जी जार फाइल दिसते आहे, ती कोणी आणली आणि कशासाठी?

गेल्या वर्षी एका ग्रुपने हॉस्टेलच्या मेसचं बिलिंग केलं होतं. काम मनापासून केलेलं. कोण किती दिवस जेवलं, खाडे किती, रविवारची फीस्ट वेगळी, महिनाअखेरीस बिलाची पीडीएफ आणि मोबाइलवर एसएमएस, सगळं चालत होतं. फक्त ते एकाच मुलाच्या लॅपटॉपवर चालत होतं. बाकीच्या तिघांकडे सुरूच व्हायचं नाही, म्हणून डेमोला तोच लॅपटॉप आणलेला. मी पॉम फाइल उघडायला सांगितली.

हे पत्र आपल्याखेरीज इतरही वाचतील, म्हणून दोन वाक्यं त्यांच्यासाठी. जावाचा प्रोग्राम कोणी कोऱ्या पाटीवर लिहीत नाही. इतरांनी लिहून ठेवलेले कोडचे तयार संच जार नावाच्या फायलींत मिळतात. आपल्याला कोणते हवेत ते पॉम नावाच्या यादीत लिहायचं, की मेव्हन नावाचं साधन इंटरनेटवरच्या भांडारातून ते उतरवून घेतं. प्रोग्राम चालताना काय-काय घडलं याच्या नोंदी ठेवण्यासाठीही असेच तयार संच असतात. त्यांना लॉगिंग लायब्ररी म्हणतात, आणि एका प्रोग्रामला अशी एक लायब्ररी पुरते.

त्या मेसच्या प्रोजेक्टमध्ये तीन निघाल्या. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कने स्वतःहून आणलेली लॉगबॅक. कुठल्याशा यूट्यूब व्हिडिओतून पॉममध्ये आलेली लॉग४जे १.२.१७, आणि ती जोडायला एसएलएफ४जे-लॉग४जे१२ नावाचा सांधा. शिवाय एसएमएस पाठवण्यासाठी घेतलेल्या एचटीटीपी-क्लायंटच्या मागून गुपचूप आलेली कॉमन्स-लॉगिंग. प्रोग्राम सुरू केला की कन्सोलवर लाल अक्षरांत पहिलीच ओळ उमटायची, की क्लासपाथवर एकापेक्षा जास्त बाइंडिंग्ज सापडली आहेत. मी त्या ओळीवर बोट ठेवलं, तर उत्तर आलं, "मॅम, ती वॉर्निंग आहे, एरर नाही."

त्याच ओळीत त्यांच्या अडचणीचं कारण होतं. एसएलएफ४जे हा प्रोग्राम आणि नोंदी लिहिणारं इंजिन यांच्यामधला दुवा. त्याला दोन इंजिनं सापडली तर ते त्यांतलं एक उचलतं. कोणतं उचलेल याची हमी नाही, आणि त्या लायब्ररीच्या लेखकांनीच ही निवड यादृच्छिक धरा असं लिहून ठेवलं आहे. मुलांनी सगळ्या जार एका फोल्डरमध्ये टाकल्या होत्या. फोल्डरमधल्या फायली कोणत्या क्रमाने वाचायच्या हे ज्या-त्या मशीनवर ठरतं. एका लॅपटॉपवर लॉगबॅक आधी सापडायची आणि गाडी सुरू व्हायची. बाकी तिघांकडे जुनी लॉग४जे आधी सापडायची आणि स्प्रिंग बूट तिथेच अडून बसायचं, कारण लॉगबॅकची जार समोर असताना नोंदी भलतीकडे जाताहेत हे त्याला चालत नाही. तिन्ही लॅपटॉप फॉरमॅट करून झाले होते म्हणे. पॉममधल्या दोन नोंदी काढून टाकणं कोणाला सुचलं नव्हतं.

आता त्या लॉग४जे १.२.१७चं वय बघा. ती मे २०१२ची. ही मुलं तेव्हा दुसरी-तिसरीत असतील. ऑगस्ट २०१५मध्ये अपाची फाउंडेशनने त्या पहिल्या मालिकेचा कारभार आटोपला, यापुढे दुरुस्त्या होणार नाहीत असं जाहीर केलं. तरी ती आजही पुण्यातल्या प्रोजेक्टांत येते, कारण ज्या ट्युटोरियलवरून मुलं कॉपी करतात तीही त्याच काळातली. हल्ली चॅटजीपीटीला विचारून पॉम लिहिण्याची पद्धत आहे. तोही जुन्या लिखाणावरच शिकलेला, त्यामुळे बऱ्याचदा जुनीच आवृत्ती सुचवतो.

मुलांना मी दोष देत नाही. आपण ओरलमध्ये यूएमएल डायग्राम विचारतो, टेस्ट केसेस विचारतो, फ्यूचर स्कोप विचारतो (त्याचं उत्तर 'मोबाइल ॲप' हे ठरलेलं). प्रोजेक्टमध्ये मुलांनी स्वतः लिहिलेल्या कोडपेक्षा बाहेरून आलेलं कोड कितीतरी पट जास्त असतं, आणि त्याबद्दल एकही प्रश्न नसतो. ज्याचे मार्क नाहीत त्याचा अभ्यास कोण करणार?

शिकवायला दुसरं काहीही निवडता आलं असतं. डेटाबेसचे ड्रायव्हर आहेत, जेसन वाचणाऱ्या लायब्ऱ्या आहेत. पण लॉगिंगसारखा विषय नाही, कारण त्यात निवड, भांडण, सुरक्षितता आणि कायदा असं सगळं एकाच जागी सापडतं, आणि कोड मात्र एका ओळीचं.

भांडणाचा इतिहास मुलांना गोष्टीसारखा सांगता येतो. १९९६मध्ये युरोपात सेम्पर नावाचा एक संशोधन प्रकल्प चालू होता. त्यासाठी नोंदी ठेवणारं एक छोटं साधन लिहिलं गेलं. त्यावर काम करणाऱ्यांत चेकी ग्युल्च्यू होते. त्याचंच पुढे लॉग४जे झालं आणि जावाच्या जगात ते पसरलं. मग २००२मध्ये जावा १.४ आलं, आणि सन कंपनीने लॉग४जे न घेता स्वतःची वेगळी लॉगिंग व्यवस्था भाषेतच घालून दिली. दोन तट पडले. दोन्हींवर पांघरूण घालायला त्याच सुमारास कॉमन्स-लॉगिंग आलं. चालताना आपणच शोधून काढू कोणतं इंजिन हजर आहे, असा त्याचा बाणा. तो शोध टॉमकॅटसारख्या सर्व्हरांवर क्लासलोडरच्या गुंत्यात असा अडकायचा की त्या काळात काम केलेले लोक अजून त्याच्या नावाने बोटं मोडतात. ग्युल्च्यू यांनीच मग एसएलएफ४जे आणि लॉगबॅक लिहिलं. अपाचीने २०१४मध्ये लॉग४जे २ आणलं, नाव जुनं पण कोड नव्याने लिहिलेलं. म्हणजे भांडण मिटवायला आलेला प्रत्येक जण भांडणातला आणखी एक पक्ष झाला.

या सगळ्यातून जे उरलं ते मात्र फार उपयोगाचं आहे. बोलायची पद्धत वेगळी ठेवायची आणि काम करणारं इंजिन वेगळं. आपल्या कोडमध्ये एसएलएफ४जेचीच भाषा वापरायची, आणि खाली लॉगबॅक बसवायचं की लॉग४जे २, हे प्रोग्राम जिथे शेवटी चालणार तिथे एकदाच ठरवायचं. दुसऱ्यांना वापरायला लायब्ररी लिहीत असाल तर इंजिन सोबत पाठवायचं नाही, हा शिष्टाचार आहे, आणि तो मोडणाऱ्यांमुळेच निम्मे घोळ होतात. इंटरफेस आणि इम्प्लिमेंटेशन यांतला फरक आपण दुसऱ्या वर्षाला शिकवतो तेव्हा फळ्यावर 'शेप' आणि 'सर्कल' काढतो. तिथे एसएलएफ४जे आणि लॉगबॅक काढले तर तो फरक कशासाठी आहे हे वेगळं सांगावं लागणार नाही.

कोणती लायब्ररी निवडावी, असं कोणी थेट विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला स्प्रिंग बूट जे देतं तेच ठेवा, एसएलएफ४जेखाली लॉगबॅक, आणि त्यात हात घालू नका. सेकंदाला हजारो नोंदी लिहायच्या असतील तर लॉग४जे २ची असिंक्रोनस पद्धत फार वेगवान आहे, तेव्हा तिचा विचार करा. तेवढी गर्दी मेसच्या बिलांना होत नाही. बाहेरचं काहीच नको असेल तर जावाची अंगची व्यवस्था आहेच. कोरडी आहे, पण चालते. यातलं कोणतंही उत्तर मला ओरलमध्ये मान्य आहे. मान्य नाही ते एवढंच, की निवडच झालेली नाही आणि तरी तिन्ही लायब्ऱ्या हजर आहेत.

आणि सिस्टिम-डॉट-आउट-डॉट-प्रिंटलाइन? तिलाही हरकत नाही, पहिल्या सेमिस्टरपुरती. तिला वेळ कळत नाही, महत्त्व कळत नाही, ती फाइलमध्ये जात नाही, आणि डेमोच्या आदल्या रात्री तिला शोधून-शोधून कॉमेंट करावं लागतं. लॉगरला इन्फो, वॉर्न, एरर, डीबग अशा पायऱ्या असतात. डीबग बंद करायला एका कॉन्फिग फाइलमध्ये एक शब्द बदलायचा, कोडला हात लावायचा नाही. खरं तर मुलाखतीत मी उमेदवाराच्या कोडमध्ये पहिल्यांदा कॅच ब्लॉक बघते. तिथे प्रिंटस्टॅकट्रेस आहे, की काहीच नाही, की लॉगरला अपवादासकट नीट सांगितलं आहे, यावरून पुढच्या मुलाखतीचा अंदाज येतो.

आता डिपेंडन्सीचं बोलू, कारण लॉगिंग हे दार आहे, खरं घर आत आहे. मेव्हनला आपण पंधरा जार मागतो आणि उतरतात शंभरावर. एका पाहुण्याला लग्नाचं आमंत्रण द्यावं आणि त्याच्यासोबत अख्खं वऱ्हाड यावं, तसा हा प्रकार आहे. या वऱ्हाडात एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आल्या तर कोणती ठेवायची, याचा मेव्हनचा नियम बहुतेक मुलांना ठाऊक नसतो, आणि नोकरीत पाच वर्षं काढलेल्यांनाही नसतो. मेव्हन नवी आवृत्ती निवडत नाही. ते जवळची निवडतं. तुमच्या प्रोजेक्टपासून दोन पायऱ्यांवर कोणीतरी २.० मागितली असेल आणि तीन पायऱ्यांवर कोणीतरी ३.१, तर २.० राहते. ज्याला ३.१ हवी होती तो प्रोग्राम चालता-चालता अशी पद्धतच अस्तित्वात नाही म्हणून कोसळतो. कंपाइल करताना मात्र सगळं हिरवं असतं. दोन्ही सारख्याच अंतरावर असतील तर पॉममध्ये जिचं नाव वर आहे ती जिंकते. म्हणजे पॉममधल्या दोन नोंदींची जागा बदलली, अक्षरही न बदलता, तरी वेगळा प्रोग्राम तयार होऊ शकतो. ग्रेडल हे दुसरं साधन नेमकं उलट वागतं, ते वरची आवृत्ती घेतं. एकाच प्रोजेक्टचं मेव्हनवरून ग्रेडलवर स्थलांतर करताना जे चमत्कार होतात त्यांतले बरेच इथून येतात.

हे बघायला एक आज्ञा पुरते: एमव्हीएन डिपेंडन्सी ट्री. टर्मिनलवर सगळी वंशावळ उलगडते, कोणी कोणाला आणलं हे पायरी-पायरीने. व्हर्बोज पर्याय दिला तर कोणती आवृत्ती कोणासमोर हरली हेही दिसतं. मुलांना ते झाड पहिल्यांदा दाखवलं की लॅबमध्ये एकदम शांतता पसरते, मग कोणीतरी विचारतं, "मॅम, हे सगळं आपल्या प्रोजेक्टमध्ये आहे?" तिथून पुढे शिकवणं सोपं. नको त्याला एक्स्क्लूजन लिहून थांबवायचं, आवृत्त्या एकाच जागी डिपेंडन्सी मॅनेजमेंटमध्ये बांधायच्या, चाचणीपुरती लागणारी जेयुनिट टेस्ट स्कोपमध्ये टाकायची म्हणजे ती ग्राहकाच्या सर्व्हरवर जात नाही. मेव्हनच्या एन्फोर्सर प्लगइनला सांगून ठेवलं, तर आवृत्त्यांची टक्कर झाली की बिल्डच अडतं. रात्री दोनला ग्राहकाचा फोन येण्यापेक्षा ते बरं.

ही वंशावळ ठाऊक नसली तर काय होतं, हे लॉगिंगच्याच एका लायब्ररीने दाखवून दिलं. १० डिसेंबर २०२१ हा शुक्रवार होता. आदल्या दिवशी लॉग४जे २मधली त्रुटी जगजाहीर झाली होती. तिला सीव्हीई-२०२१-४४२२८ हा क्रमांक मिळाला, गांभीर्य दहापैकी दहा, आणि लोकांनी नाव ठेवलं लॉग४शेल. अलिबाबा क्लाउडच्या चेन झाओजुन यांनी ती २४ नोव्हेंबरला अपाचीला कळवली होती. त्रुटीचं स्वरूप ऐकून आजही कोणाचा चटकन विश्वास बसत नाही. नोंदीत विशिष्ट कंसात जेएनडीआय असं लिहून पुढे एखाद्या सर्व्हरचा पत्ता दिला, तर लॉग४जे तो मजकूर नुसता लिहून घेत नव्हतं. ते त्या पत्त्यावर जायचं, आणि तिथून मिळालेलं कोड आपल्या मशीनवर चालवलं जाऊ शकायचं. माइनक्राफ्ट या खेळाच्या चॅटमध्ये एक ओळ टाइप करून सर्व्हर ताब्यात घेता येत होते. ही सोय २०१३मध्ये, लॉग४जे २ तयार होत असतानाच, कोणाला तरी हवी होती म्हणून घातली गेली आणि आठ वर्षं तशीच राहिली. ते कोड सांभाळणारे बहुतेक लोक आपली नोकरी सांभाळून, फावल्या वेळात, बिनपगारी ते करत होते. जगातल्या बँका आणि विमान कंपन्या त्यांच्यावर विसंबून होत्या आणि बहुतेकांना ते माहीतही नव्हतं.

पुण्यात तेव्हा हिंजवडी आणि खराडीतली ऑफिसं बरीचशी घरूनच चालत होती. त्या शनिवार-रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलांवरून जे कॉल झाले त्यांत दुरुस्ती कशी करायची हा प्रश्न नव्हताच. नवी आवृत्ती टाकायला वेळ लागत नाही. प्रश्न होता, आपल्याकडे ही जार आहे कुठे? पॉममध्ये शोधलं तर सापडत नव्हती, कारण ती आपण मागितलीच नव्हती, मागितलेल्यांपैकी कोणाच्या तरी मागून आली होती. काही ठिकाणी तर जारच्या पोटात जार होती. गूगलने त्या वेळी मेव्हनच्या मध्यवर्ती भांडाराची पाहणी केली. बाधित पॅकेजांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक ठिकाणी ही त्रुटी एका पायरीपेक्षा खोल दडलेली होती, बहुतेकांत पाच पायऱ्या खाली. ज्यांच्याकडे डिपेंडन्सींची यादी होती त्यांनी सोमवारी सकाळी ग्राहकाला उत्तर दिलं. बाकीचे एक्सेल शीट भरत बसले.

घबराटीत विनोदही झाले. लॉग४जे-एपीआय नावाची निरुपद्रवी जार सापडली म्हणून काही जणांनी चालू सर्व्हर बंद केले. दोष लॉग४जे-कोअरमध्ये होता, आणि स्प्रिंग बूट मुळात कोअर आणतच नाही. दुसरीकडे १.२.१७ वापरणारे म्हणाले, आम्ही जुने आहोत म्हणून आम्ही सुरक्षित. ही त्रुटी त्यांच्याकडे नव्हती हे खरं, पण त्यांच्या स्वतःच्या वेगळ्या होत्या आणि त्या दुरुस्त करायला अपाचीत कोणी उरलं नव्हतं. शेवटी जानेवारी २०२२मध्ये ग्युल्च्यू यांनीच त्या जुन्या कोडची रीलोड४जे नावाची डागडुजी केलेली प्रत काढली. आणि लॉग४जे २वाल्यांची सुटका एका अपडेटने झाली नाही. २.१५ टाकली, तीत उणीव निघाली म्हणून २.१६, मग २.१७, आणि वर्ष संपता-संपता २.१७.१. ज्यांनी आवृत्तीचा आकडा एकाच जागी बांधला होता त्यांनी चार वेळा एक ओळ बदलली. अमेरिकी सरकारच्या समितीने जुलै २०२२च्या अहवालात ही त्रुटी जगाच्या यंत्रणांत दहा वर्षं किंवा त्याहूनही अधिक काळ रेंगाळेल असं म्हटलं. आज आपल्या प्रोजेक्टांतल्या जुन्या पॉम बघता मला ते अतिशयोक्त वाटत नाही.

आता कायदा, थोडक्यात, कारण मुलं नोकरीला लागताच त्यांना तो लागू होतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. लॉगिंग हा प्रोग्रामरच्या आवडीनिवडीचा विषय राहिलेला नाही. पुणेकरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१८मध्ये कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम दोन-तीन दिवसांत बाहेर गेली, तिचा मोठा भाग अनेक देशांतल्या एटीएममधून एकाच वेळी. अशा प्रकरणाचा तपास उभा राहतो तो यंत्रांनी ठेवलेल्या नोंदींवरच. दुसरी बाजूही आहे. नोंदीत नको ते लिहिलं जातं. मे २०१८मध्ये ट्विटरला तेहतीस कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगावं लागलं, कारण ते उघड्या स्वरूपात अंतर्गत लॉगमध्ये उतरत होते. आपल्या मुलांच्या लॉगमध्ये मी ओटीपी पाहिलेत, आधार क्रमांक पाहिलेत. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला आहे, तो एका तासात वर्गात सांगून होईल. 'यूजर' ऑब्जेक्ट सरळ लॉगरला देऊ नये ही सवय मात्र जर्नल तपासतानाच लागेल.

सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४मध्ये आणखी एक मार्गदर्शिका काढली, सॉफ्टवेअरमध्ये कोणते घटक आहेत याची यादी कशी ठेवावी यावर. या यादीला एसबॉम म्हणतात. सरकारी आणि अत्यावश्यक सेवांबरोबर सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्यांसाठीही ही मार्गदर्शिका आहे, म्हणजे पुण्यासाठी आहेच. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२७पासून पुरता लागू होईल आणि तोही हीच यादी मागतो. हिंजवडीतल्या कंपन्यांचे युरोपीय ग्राहक ती मागू लागले आहेत. सायक्लोनडीएक्स नावाचं मोफत प्लगइन एका आज्ञेत ती बनवून देतं. मुलांनी ती बनवून रिपोर्टला जोडली तर कोणाचं काय जातं?

आपलं उत्तर मला अंदाजाने माहीत आहे. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, तास आधीच पुरत नाहीत, आणि नॅकची कागदपत्रं वेगळीच. कबूल. म्हणून मी नवा विषय मागत नाही, नवं युनिटही नाही. प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये एक पान मागते. त्यावर मुलांनी स्वतः मागितलेली प्रत्येक जार, ती कशासाठी, तिची शेवटची आवृत्ती कधी आली आणि परवाना कोणता, एवढं हाताने लिहिलेलं असावं. हाताने म्हणजे अक्षरशः पेनाने. टाइप केलं तर ते चॅटजीपीटी करेल. परवान्याचा रकाना मुद्दाम ठेवावा. बिलाची पीडीएफ बनवायला जवळजवळ प्रत्येक ग्रुप आयटेक्स्ट घेतो आणि पाचव्या आवृत्तीपासून तिचा परवाना एजीपीएल आहे हे कोणी वाचत नाही. त्या परवान्याखाली आपलं कोडही उघडं करावं लागतं, नाहीतर पैसे मोजून वेगळा परवाना घ्यावा लागतो. कॉलेजात चालून जातं. पहिल्या नोकरीत त्याच सवयीने ती जार ग्राहकाच्या कामात घातली की वकिलांचा फोन येतो. ओपनपीडीएफ नावाचा मोकळा पर्याय आहे, पण तो शोधायला आधी प्रश्न पडायला हवा.

दुसरी मागणी एका प्रॅक्टिकलची. मुद्दाम बिघडवलेली पॉम द्यावी. त्यात लॉग४जे-ओव्हर-एसएलएफ४जे आणि एसएलएफ४जे-लॉग४जे१२ या दोन्ही जार एकत्र ठेवाव्यात. पहिली जुन्या लॉग४जेच्या नोंदी एसएलएफ४जेकडे पाठवते, दुसरी एसएलएफ४जेच्या नोंदी परत लॉग४जेकडे. एकमेकींकडे बोट दाखवत त्या स्टॅक संपेपर्यंत फिरत राहिल्या असत्या, पण एसएलएफ४जे आधीच ओळखून प्रोग्राम थांबवतं आणि कारणही सांगतं. मुलांनी तो संदेश वाचायचा, झाड उलगडायचं, दोषी जार कोणामागून आली ते शोधायचं आणि एक्स्क्लूजन लिहायचं. दोन तासांचं काम आहे. मार्क द्यायचेही सोपे, प्रोग्राम चालतो किंवा चालत नाही.

हे शिकवायला आपल्याकडच्या शिक्षकांना वेळ नसेल तर माझ्यासारखे बरेच जण शनिवारी यायला तयार आहेत, मानधनाशिवाय. जूनमध्ये नवं वर्ष सुरू होण्याआधी एखाद्या लॅबमध्ये आधी शिक्षकांसाठी आणि मग मुलांसाठी असं करता येईल. तीस मशीन एकाच वेळी मेव्हनच्या भांडाराकडे धावली तर कॉलेजचं नेट बसेल, म्हणून एका मशीनवर नेक्सस टाकून सगळ्या जार आधी उतरवून ठेवू, ते काम आमच्याकडे. तारीख ठरली की लॅबच्या प्रॉक्सीचा पत्ता आणि पासवर्ड मात्र आदल्या दिवशी कळवावा. तो सेटिंग्ज फाइलमध्ये भरल्याशिवाय पहिली जारसुद्धा उतरत नाही, आणि शनिवारी सिस्टिम ॲडमिन सुट्टीवर असतात.



आपली,
जावावर काम करणारी एक पुणेकर